गुरांचे पोट आणि दात्यांचा हात : चारा-निधीच्या सभेपुढे झालेले भाषण



सुगी बरी झालेली असता, आणि खळ्यांवर कडब्याच्या गंजी उभ्या असता, दुष्काळनिवारणाची सभा भरवावी हे आपणांपैकी कित्येकांस चमत्कारिक वाटले असेल. टंचाई पडली म्हणजे निधी गोळा करावा आणि पाऊस पडला म्हणजे हिशेब मिटवावा, असा आजवरचा परिपाठ आहे. तो माणसांच्या बाबतीत कसाबसा चालून जातो. गुरांच्या बाबतीत तो मुळीच चालत नाही, आणि तो का चालत नाही हे सांगण्याकरिताच आम्ही आज आपणांपुढे उभे आहोत. आमचा व्यवसाय वकिलीचा. पशुवैद्यकाचे आमचे ज्ञान उसने आहे. ते आम्ही कोणत्या प्रसंगामुळे मिळविले, तो प्रसंग प्रथम सांगावा लागेल, कारण त्यात दोष आमचा आहे, आणि हा अहवाल छापताना तो दोष गाळू नये असे समितीने एकमताने ठरविले आहे.

सन २०१९ च्या उन्हाळ्यात माण, खटाव, सांगोला, आटपाडी, जत या बाजूस जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या हे आपणांस स्मरत असेल. आमच्या समितीनेही त्या भागातील एका छावणीचा काही भार उचलला होता. वैशाखातील लग्नसराई चालू होती. जवळच्या गावातील एका सुखवस्तू गृहस्थांनी, आपल्या घरचे कार्य उरकल्यावर उरलेला भात, पोळ्या व बुंदी ट्रॅक्टरमध्ये घालून छावणीवर पाठविली. मुक्या जीवांच्या मुखात दोन घास जावेत, हाच त्यांचा हेतू. आमचे स्वयंसेवक आनंदले. आम्ही स्वतः त्या वेळी तेथे हजर होतो व आम्हीही आनंदलो. अनेक दिवस ऊस आणि वाळलेले चिपाड चघळणारी ती जनावरे भातावर अशी तुटून पडली की, पाहणारांच्या डोळ्यांस पाणी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन गाई उठेनात. डोळे खोल गेलेले, डावी कूस तट्ट फुगलेली, शेण पातळ व आंबूस वासाचे. पशुवैद्य येईपर्यंत एक गेली. दुसरी संध्याकाळी गेली. तिसरी मोठ्या मिनतवारीने वाचली.

पहिली गाय एका वृद्ध बाईची होती. त्या बाईंचे दुसरे गुरही नव्हते व दुसरे उत्पन्नही नव्हते. आम्ही त्यांच्यापाशी जाऊन, "मावशी, फार वाईट झाले," एवढेच कसेबसे बोललो. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, उपाशी व्हती तवर जित्ती व्हती. तुमी जेवाय घातलं आन् ग्येली." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. कोर्टात आजवर पुष्कळ साक्षी आम्ही ऐकल्या, पण इतकी थोडक्यात व इतकी निरुत्तर करणारी साक्ष आम्ही ऐकलेली नाही.

आमचा हेतू चांगला होता, ही सबब आम्ही आपल्या मनापुढे मांडून पाहिली. परंतु आमच्याच शास्त्राने आम्हांस साथ दिली नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ५२ मध्ये सद्भावाची व्याख्या आहे. योग्य ती काळजी व लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाने केली असे म्हणता येत नाही, असा तिचा आशय. ती संहिता १ जुलै २०२४ पासून जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी ही व्याख्या नव्या कायद्यानेही कायम ठेवली आहे. दान करणारासही हा नियम लागू आहे असे आम्ही मानतो. ज्याच्या पोटात आपण काही घालणार, त्याचे पोट कसे आहे हे जाणून घेणे ही योग्य काळजी होय. ती आम्ही घेतली नव्हती.

तर मग गाईचे पोट कसे आहे, ते पाहू. गाय, म्हैस, शेळी, मेंढी या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील पहिला व सर्वांत मोठा तो कोटीपोट. डाव्या कुशीचा बहुतेक भाग त्यानेच व्यापलेला असतो, आणि मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरांहूनही अधिक माल मावतो. या कोटीपोटातून अन्न पचविणारा कोणताही रस पाझरत नाही. तेथे काम करतात ते सूक्ष्म जीव. कोटीपोटातील रसाच्या एका मिलिलिटरात त्यांची संख्या अब्जावधी असते. कडब्यातील, गवतातील जो काष्ठमय भाग माणसाच्या पोटात गेला असता जसाच्या तसा बाहेर पडेल, तो हे जीव आंबवून फोडतात. त्यांतून काही सौम्य आम्ले तयार होतात, ती कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात, आणि गाईस लागणारी बहुतेक शक्ती त्यांपासून मिळते. पुढे हेच जीव अन्नाबरोबर वाहत शेवटच्या कप्प्यात व आतड्यात जातात, तेथे स्वतः पचले जातात, आणि त्यांच्या शरीरातील प्रथिने गाईच्या उपयोगी पडतात. तात्पर्य, आपण गाईस चारा घालतो तेव्हा प्रथम जेवतात ते तिच्या पोटातील हे आश्रित, आणि त्या आश्रितांवर गाय जगते.

या आश्रितांस एक गोष्ट फार जपावी लागते, ती म्हणजे आम्लता. कोटीपोटातील रसाचा सामू सहा ते सातच्या दरम्यान असेल तर काष्ठ पचविणारे जीव सुखाने नांदतात. तो साडेपाचाच्या खाली गेला की ते मरू लागतात. हा सामू राखण्याचे साधन निसर्गाने गाईच्या तोंडात ठेवले आहे, ते म्हणजे लाळ. लाळेत सोड्याच्या जातीचे क्षार असतात. मोठी दुधाळ गाय दिवसाकाठी शंभर लिटरांहून अधिक लाळ गिळते. परंतु ही लाळ सुटते ती चघळण्याने, आणि गाय चघळते ती लांब धाग्याचा चारा पोटात असेल तेव्हाच. निरोगी जनावर दिवसाचे सहा ते आठ तास रवंथ करते. तो त्याचा आराम आहे असे आपण समजतो, पण वस्तुतः तो त्याचा उद्योग आहे. कडबा पोटात नसेल तर रवंथ नाही. रवंथ नसेल तर लाळ नाही. आणि लाळ नसेल तर आम्लास आवर घालणारे कोणी नाही.

आता त्या भाताकडे परत येऊ. शिजलेला भात, पोळी, पीठ, दळलेले धान्य, गूळ, मिठाई यांत चघळण्याजोगे काही नसते, आणि त्यांतील पिष्ट व साखर हां हां म्हणता आंबते. ते मोठ्या प्रमाणात एकदम पोटात गेले की निराळ्याच जातीच्या जीवाणूंस ऊत येतो आणि दह्यात असते तेच तीव्र आम्ल, दुग्धाम्ल, भराभर साठते. जुने आश्रित मरतात, कोटीपोटाची हालचाल थांबते. आम्लामुळे शरीरातील पाणी रक्तातून ओढले जाऊन कोटीपोटात साचते. म्हणून डोळे खोल जातात. पुढे ते आम्ल रक्तात उतरते आणि एकदोन दिवसांत जनावर दगावते. धष्टपुष्ट जनावरासही हे घडते. उपासमारीत ज्याच्या पोटातील आश्रित आधीच रोडावलेले आहेत, त्यास ते फार लवकर घडते. त्या वृद्ध बाईंनी एका वाक्यात जे सांगितले ते शास्त्राच्या कसोटीसही असे पूर्णपणे उतरते.

येथे कोणी विचारील की, भात नको हे समजले. पण छावणीत शासन चारा देतेच ना? देते, आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तथापि हिशेब करून पाहावा. २०१९ च्या छावण्यांत मोठ्या जनावरामागे दररोज १५ किलो हिरवा चारा देण्याचे ठरले होते, ते प्रमाण पुढे १८ किलो करण्यात आले. हा हिरवा चारा बहुधा ऊस असे. उसात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. म्हणजे अठरा किलोंत कोरडा अंश साडेचार-पाच किलो. चारशे किलो वजनाच्या गाईस कोरड्या हिशेबाने दिवसास सुमारे दहा किलो खाद्य लागते. वर पेंड मिळे ती धरूनही जनावर जगते एवढेच. त्याचे पोट भरत नाही. शिवाय उसात साखर भरपूर, प्रथिने अत्यल्प. उसाच्या वाढ्यांत ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते, ते शरीरातील चुना बांधून टाकते. म्हणून केवळ वाढ्यांवर ठेवलेल्या दुभत्या जनावरास चुन्याची निवळी किंवा खनिज-मिश्रण दिल्यावाचून गत्यंतर नाही. आणि टंचाईत हिरवे दिसले की ते कापून आणण्याचा मोह होतो, त्यात तर प्रत्यक्ष विष असू शकते. पावसाअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी, किंवा कापलेल्या ज्वारीस फुटलेले पोंगे, यांत हायड्रोसायनिक आम्ल उत्पन्न होण्याजोगे द्रव्य असते. शेतकरी याला 'किराळ लागणे' म्हणतात, व ते किराळ घटकाभरात गाय आडवी करते. हे ज्ञान आमच्या शेतकऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते शहरातून चारा पाठविणाऱ्या आम्हांस नसते.

दुसरा मोह दुधाचा. चारा संपला, पण डेअरीचे हप्ते, घरचा खर्च, मुलांच्या फिया थांबत नाहीत; म्हणून शेतकरी कडबा कमी करतो आणि सरकी, भरडा, गोळी-पेंड वाढवितो. पहिले चार दिवस दूध टिकते. मग फॅट घसरते, कारण दुधातील स्निग्धांश ज्या आम्लापासून मुख्यतः बनतो ते काष्ठमय चाऱ्यापासूनच तयार होते. फॅट घसरले की डेअरीत दर घसरतो. पुढे जनावर खाणे टाकते, खुरांस सूज येते, लंगडते, आणि पेंडीची उधारी अंगावर राहते. आम्ही ज्या पक्षकारांची कर्जाची प्रकरणे पाहतो त्यांत या क्रमाची प्रकरणे थोडीथोडकी नाहीत.

कायद्याची स्थितीही आपणांस विदित असावी. महाराष्ट्राने १९६३ साली कायदा करून आपल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला; त्याच्या जागी टंचाई हा शब्द आला. १९७२ च्या दुष्काळाने एक मोठे कार्य केले. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा आला, आणि काम मागणे हा माणसाचा हक्क झाला. गुरांच्या वतीने चारा मागण्याचा असा हक्क कोणत्याही कायद्यात नाही. छावणी शासननिर्णयाने उघडते व शासननिर्णयाने बंद होते. निर्णय येईपर्यंतचे जे आठवडे जातात, त्यांतच जनावर खंगते, त्यातच ते कवडीमोलाने बाजारात जाते, आणि पुढील पावसाळ्यात नांगरास बैल नाही व घरात दूध नाही अशी अवस्था येते. हे आठवडे भरून काढणे, एवढाच या समितीचा दावा आहे.

ते भरून काढण्याचे उपाय आहेत, आणि ते महाग नाहीत. पहिला उपाय कडब्याचा साठा. माघ-फाल्गुनात रब्बीची ज्वारी निघते तेव्हा कडबा शेकड्याच्या भावाने मिळतो. टंचाईत तोच मिळेनासा होतो. आमच्या भागास सोलापूरकडील मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडलेल्या मालदांडी ३५-१ या ज्वारीचे मोठे उपकार आहेत. तिचा दाणा माणसास व कडबा गुरास, दोहोंसही मानवतो. पुढे बुटक्या संकरित जाती आल्या, पाणी आले तेथे ऊस आला, आणि कडब्याचे क्षेत्र आक्रसले. म्हणून चांगल्या साली साठा करण्याची निकड पूर्वीपेक्षा आज अधिक आहे.

दुसरा उपाय मुरघास. मका किंवा ज्वारी चिकात असताना कापून, बारीक करून, दाबून, हवाबंद ठेवावी. दीड-दोन महिन्यांत ती मुरते व हवा न लागल्यास दीर्घकाळ टिकते. चारा असा टिकविण्याची एक पद्धत फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी बसविली, आणि मुख्यतः त्या कार्याबद्दल त्यांस १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच गृहस्थांनी पुढे १९६० नंतरच्या दशकात गाईंस प्रथिने वगळलेला आहार देऊन, नायट्रोजन म्हणून युरिया व अमोनियमचे क्षार एवढेच दिले, तरीही त्या गाईंनी दूध दिले. कोटीपोटातील आश्रित साध्या द्रव्यापासून प्रथिने घडवितात याचा याहून स्पष्ट पुरावा मागावयास नको.

तिसरा उपाय याच पुराव्यावर उभा आहे. गव्हाचा भुसा किंवा भाताचा पेंढा १०० किलो घेऊन, त्यावर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, दाबून, ताडपत्रीने हवाबंद करून २१ दिवस ठेवावा. निकृष्ट भुसा त्यामुळे मऊ होतो, अधिक पचतो, आणि त्याचा कस वाढतो. मात्र येथेही योग्य काळजी हवीच. उघडल्यावर वास उडेपर्यंत तो पसरून ठेवावा. सहा महिन्यांखालील वासरांस देऊ नये. आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी कदापि लागू देऊ नये, कारण ते प्राणघातक आहे.

या सर्व विचारानंतर समितीने आपल्या कार्यासाठी पुढील नियम केले आहेत.

१. शिजविलेले अन्न, पीठ, धान्य, गूळ, मिठाई, फळांच्या साली यांची देणगी छावणीवर स्वीकारली जाणार नाही, मग दाता कितीही प्रतिष्ठित असो.

२. उपाशी आलेल्या जनावरास प्रथम पाणी व कोरडा कडबा द्यावयाचा. हिरवा चारा व पेंड दहा ते पंधरा दिवसांत थोडीथोडी वाढवावयाची. एका चाऱ्यावरून दुसऱ्यावर नेतानाही हाच क्रम राखावयाचा.

३. कडब्याची कुट्टी करावयाची, परंतु भुकटी करावयाची नाही. प्रत्येक जनावराच्या पुढ्यात काही लांब चारा रोज असलाच पाहिजे.

४. मोठ्या जनावरास रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज-मिश्रण व थोडे मीठ द्यावयाचे, आणि स्वच्छ पाणी केव्हाही तोटा न पडता मिळावयाचे.

५. चारा तारेने बांधून किंवा प्लास्टिकच्या पिशव्यांत आणावयाचा नाही. तार कोटीपोटाजवळून काळजापर्यंत शिरते, आणि प्लास्टिक पोटात साठून राहते.

६. दुपारी जनावरे बसली म्हणजे स्वयंसेवकाने छावणीत एक फेरी घालावयाची. बसलेल्यांपैकी निम्म्यांहून अधिक जनावरे रवंथ करीत असली तर चारा ठीक आहे. तसे नसेल तर त्याच दिवशी पशुवैद्यास बोलवावयाचे.

हा सहावा नियम आम्हांस विशेष प्रिय आहे. त्यास यंत्र लागत नाही, विद्या लागत नाही. उन्हात अर्धा तास फिरण्याची तयारी लागते. त्या वैशाखात लग्नाचा भात वाटताना टाळ्या वाजविणारे आम्ही, दुसऱ्या दिवशी पहाटे तरी फेरी घालावयास होतो तर कदाचित ती गाय वाचली असती.

आता आमची विनंती. टंचाई पडेल तेव्हा आपण सढळ हाताने द्याल, याविषयी आम्हांस संशय नाही; मराठी माणसाने तसे अनेकदा केले आहे. आम्ही मागतो ते आज मागतो, कारण आज दिलेल्या रुपयाचा कडबा येतो आणि वैशाखात दिलेल्या रुपयाची बहुधा धावपळच होते. ज्यांस शक्य आहे त्यांनी एक शेकडा कडब्याची किंमत द्यावी. ज्यांच्या शेतात गंज आहे त्यांनी तीतून चार पेंढ्या समितीच्या गंजीस लावाव्यात. ज्यांची मोकळी जागा आहे त्यांनी गंजीसाठी ती द्यावी; मात्र आगीचे भय लक्षात घेऊन ती वस्तीपासून दूर असावी. पशुवैद्यांनी महिन्यातून एक दिवस द्यावा. विद्यार्थ्यांनी दुपारची फेरी पत्करावी. आणि ज्यांच्या घरी लग्नकार्य आहे त्यांनी उरलेले अन्न माणसांत वाटावे, व गुरांकरिता त्या दिवसाची आठवण म्हणून कोरडा चारा पाठवावा.

त्या वृद्ध बाईंस समितीने पुढे एक कालवड दिली, ही गोष्ट अहवालात नमूद आहे. ती देणगी म्हणून नमूद करू नये, भरपाई म्हणून करावी, असा आम्ही आग्रह धरला व सभासदांनी तो मान्य केला. दान घेणाराचे आपणांवर काही येणे असते, हे मानूनच हा निधी उभा राहावा अशी आमची इच्छा आहे. आपण आज जे द्याल त्याचा पैन्‌पैचा हिशेब पुढील अहवालात छापला जाईल. त्यात यश असेल ते जसे छापले जाईल, तशी चूक झाली तर तीही छापली जाईल.

चारा-निधीस यथाशक्ति साहाय्य करावे अशी पुनश्च सविनय प्रार्थना करतो, व खाली बसतो.